शहरचा पाहुणा आणि गावची जमीन : नारायण पेठेपासून पानशेतच्या खोऱ्यापर्यंत

पुणे शहराच्या पश्चिम अंगास, मुठा नदीच्या काठी नारायण पेठ वसलेली आहे. नारायणराव पेशव्यांचे नाव धारण करणारी ही पेठ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील होय. आज तेथे मोकळी अशी जागा जवळजवळ शिल्लक नाही. परंतु ज्या काळी पुण्याच्या पेठा वसल्या, त्या काळी त्यांपैकी अनेक म्हणजे शेतांच्या व माळांच्या जागी नव्याने उभारलेल्या वस्त्याच होत्या. पेठ वसविण्याची तेव्हाची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. सरकार एखाद्या विश्वासू गृहस्थाकडे हे काम सोपवी, शेटे-महाजनांची नेमणूक होई आणि जे व्यापारी, कारागीर व कुटुंबवत्सल लोक तेथे येऊन घर बांधतील त्यांना काही वर्षे करांची माफी मिळे. बाहेरच्या माणसाने यावे, पैसा घालावा आणि वस्ती वाढवावी, यासाठी विचारपूर्वक दिलेले ते आमंत्रणच होते. नवी वस्ती करणे व तीत बाहेरचा पैसा खेळविणे ही गोष्ट काल-परवाची नव्हे, हे सांगण्यापुरताच येथे या इतिहासाचा उल्लेख केला आहे.

आता हा ओघ उलट दिशेने वाहू लागला आहे. पेठेतील जुन्या वाड्यांच्या जागी इमारती झाल्या. ज्यांच्या हाती चार पैसे आले, त्यांना शनिवार-रविवारी राहावयास डोंगरात एखादे घर असावे असे वाटू लागले. पुढे चार आंब्याची झाडे, समोर धरणाचे पाणी आणि मागे सह्याद्रीचा कडा, एवढीच त्यांची अपेक्षा असते. ती अपेक्षा वाईट नाही. परंतु ज्या गावात ती पूर्ण व्हावयाची, त्या गावच्या शेतकऱ्याच्या पदरात त्यातून काय पडते आणि त्याच्या हातून काय जाते, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. तो मांडण्यास साहाय्य व्हावे, हाच या लेखाचा हेतू आहे.

नारायण पेठ आणि पानशेतचे खोरे यांचे नाते पाण्याचे आहे. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरील पानशेतचे अपुरे बांधलेले धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फोडले, आणि नदीकाठच्या नारायण, शनिवार, कसबा वगैरे पेठांत पाणी शिरले. लकडी पूल पाण्याखाली गेला. हजारो कुटुंबे उघड्यावर पडली. त्यांपैकी पुष्कळांचे पुनर्वसन गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या नव्या वसाहतींत झाले. धरण फुटल्याने शहराचे पिण्याचे पाणी तुटले, तसेच कालव्यावर अवलंबून असलेल्या हवेली-दौंड भागातील बागायतीचेही हाल झाले. पुढे पानशेतचे धरण पुन्हा बांधले गेले. मोसे नदीवर वरसगाव आणि मुठा नदीवर टेमघर ही धरणे झाली. पेठेतल्या नळाला आज जे पाणी येते ते या डोंगरांतून येते. या पाण्यासाठी ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्या खोऱ्यातील कुटुंबांपैकी अनेकांना घरदार सोडून पूर्वेकडे दौंड तालुक्यासारख्या भागात जावे लागले. जे वर सरकून डोंगरउतारावर राहिले, त्यांच्याच वरकस जमिनीवर आता शहराची नजर आहे.

पुण्याहून पानशेत सुमारे चाळीस किलोमीटर. तेथून जलाशयाच्या काठाकाठाने रस्ता शिरकोलीकडे व पुढे थेट घोळपर्यंत जातो. घोळ हे सह्याद्रीच्या अगदी कड्यावरचे गाव. कोकणदिवा किल्ल्याकडे जाणारे लोक तेवढे ते ओळखतात. भात, नाचणी, वरई ही येथील पिके. पावसाळ्यात अतोनात पाऊस, आणि चैत्र-वैशाखात मात्र धरणाचे पाणी डोळ्यांसमोर असून हंड्याला पाणी नाही, अशी या खोऱ्यातील पुष्कळ वाड्यांची स्थिती असते. अशा गावात रविवारी एखादी मोटार येऊन थांबते, उतरणारा गृहस्थ "येथे जागा मिळेल काय?" असे विचारतो, आणि त्याच्या आधीच गावातला एखादा दलाल पुढे झालेला असतो. पुष्कळदा व्यवहाराची सुरुवात अशीच होते.

या डोंगरांना जमिनीचा प्रश्न नवा नाही. शेजारच्या मुळशी पेट्यात टाटांच्या वीजधरणासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. "जान किंवा जमीन" ही त्या लढ्याची घोषणा होती. तो लढा १९२४ पर्यंत चालला, धरण झालेच. त्या वेळी जमीन सक्तीने गेली. आज ती राजीखुशीने, इसाराच्या नोटा मोजून जाते. म्हणूनच आज अधिक सावध राहण्याची आवश्यकता आहे, कारण सक्तीच्या विरुद्ध गाव एक होते, विक्रीच्या वेळी प्रत्येक घर एकटे असते.

लवासाचा धडा

वरसगावच्या पाण्यापलीकडे मोसे खोऱ्यात लवासा हे गिरिस्थान उभे राहिले, ते सर्वांना ठाऊक आहे. राज्य शासनाने १९९६ साली नव्या गिरिस्थानांसाठी विशेष नियम केले आणि २००१ साली मुळशी व वेल्हे भागातील अठरा गावांचे क्षेत्र या प्रकल्पासाठी अधिसूचित झाले. दासवे येथे इटलीतील एका बंदराच्या धर्तीवर तलावाकाठी रंगीत इमारतींची ओळ उभी राहिली, रस्ते झाले, हॉटेले झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याविषयी नोटीस दिली; पुढे नोव्हेंबर २०११ मध्ये अटींवर परवानगी मिळाली. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. ज्यांनी शहरातून पैसे गुंतविले त्यांपैकी अनेकांची घरे वर्षानुवर्षे अपुरी राहिली.

हे सांगण्याचा उद्देश कोणाचा दोष काढण्याचा नाही. गुंतवणूकदाराचे पैसे अडकले तर त्याला न्यायाधिकरण आहे, वकील आहे, आणि दावेदारांच्या यादीत त्याचे नाव असते. ज्या शेतकऱ्याने पहिल्याच वर्षी एकरकमी भाव घेऊन खरेदीखतावर अंगठा उमटविला, त्याचे नाव मात्र कोणत्याही यादीत नसते. व्यवहार त्याच्यापुरता संपलेला असतो. गिरिस्थान भरभराटीस आले तरी त्याला हिस्सा नाही, बुडाले तरी जमीन परत नाही. वस्ती मोठी असो वा लहान, पन्नास प्लॉटांची असो वा पाच, विक्रेत्याची स्थिती हीच असते.

जमीन विकण्यापूर्वी

ग्रामसेवक बंधूंनी (ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हटले जाते) आणि तलाठ्यांनी पुढील गोष्टी गावकऱ्यांस वारंवार समजावून सांगाव्यात, अशी आमची विनंती आहे.

पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची असूनही तीच सर्वांत कमी लोकांस ठाऊक असते. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये, शेतकरी नसलेल्या माणसास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. हे बंधन शहरी खरेदीदारावर आहे असे आपण समजतो. परंतु ज्या कुटुंबाने आपला शेवटचा गुंठाही विकून टाकला, तेही उद्या या कलमाच्या पलीकडे जाऊन उभे राहते. आज शेतकरी म्हणून असलेला दाखला सातबाऱ्याच्या आधाराने मिळतो. सातबारा गेला की मुलाला पुढे कोठे दोन एकर घ्यावयाचे झाले तरी अडचण येते. पीककर्ज मिळत नाही, सोसायटीतील सभासदत्वाला अर्थ उरत नाही, आणि पीएम-किसान योजनेचे वर्षाचे सहा हजार रुपयेही बंद होतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेतकरी एका सहीने बिगरशेतकरी होतो. यास्तव कितीही निकड असली तरी संपूर्ण क्षेत्र विकू नये. काही भाग तरी आपल्या नावे राखावाच.

याच कलमामुळे काही खरेदीदार दुसऱ्या कोणा शेतकऱ्याच्या नावाने जमीन घेऊ पाहतात. असा व्यवहार उघडकीस आला तर तो बेकायदा ठरून जमीन शासनाकडे जाऊ शकते. आपले नाव असे उसने देण्याची विनंती झाल्यास ती नाकारणेच हितावह होय, मग विचारणारा ओळखीचा का असेना.

दुसरी गोष्ट तुकडेबंदीची. १९४७ च्या कायद्याने प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडण्यास मनाई आहे. २०२३ च्या अधिसूचनेनुसार पुण्यासह राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीस वीस गुंठे व बागायतीस दहा गुंठे असे ठरले आहे. शहरांलगतच्या निवासी क्षेत्रांसाठी शासनाने अलीकडे काही सवलती दिल्या आहेत; त्या डोंगरातील शेतास सरसकट लागू होतात असे कोणी सांगितल्यास त्यावर विसंबू नये, तहसील कार्यालयात विचारावे. पाच-पाच गुंठ्यांचे प्लॉट पाडून विकण्याचे आमिष दाखविणारा दलाल बहुधा चार-पाच खरेदीदारांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवितो. आज ते गोडीत असतात. उद्या त्यांच्यात वाद झाला की साक्षीसाठी हेलपाटे मात्र मूळ मालकास पडतात.

तिसरी गोष्ट कागदावर दिसत नाही, जमिनीवर उभे राहिल्यावर दिसते. समजा, एका कुटुंबाची साठ गुंठे जमीन आहे. वीस गुंठे ओढ्याकाठची भातखाचरे मागे, आणि चाळीस गुंठे वरकस रस्त्यालगत. खरेदीदारास अर्थातच रस्त्यालगतची जमीन हवी. वरकसच ती, तीत नाचणीखेरीज काय पिकते, असा विचार करून मालक ती देऊन टाकतो. सहा महिन्यांनी तारेचे कुंपण पडते, फाटकास कुलूप लागते, आणि मागच्या खाचराकडे जाण्यास बैलास वाट राहत नाही. चांगला भाव मिळाला असे वाटत असते, पण विकल्या गेलेल्या चाळीस गुंठ्यांनी न विकलेल्या वीस गुंठ्यांचेही मोल घालविलेले असते. तीच गोष्ट झऱ्याची. डोंगरउतारावरील पिण्याचा झरा कोणाच्या तरी गटात असतो; तो गट विकला गेला की वाडीचे पाणी परक्याच्या कुंपणात जाते. खरेदीखतात बैलगाडी जाईल एवढ्या रुंदीच्या वाटेचा व झऱ्यावरील वहिवाटीचा स्पष्ट उल्लेख चतुःसीमेसह करून घ्यावा, आणि मोजणी झाल्यावाचून व्यवहार पुरा करू नये.

सातबारा वाचताना भोगवटादार वर्ग एक की दोन, हे प्रथम पाहावे. वर्ग दोनची जमीन, पुनर्वसनात मिळालेली जमीन, वतनाची जमीन ही परवानगीवाचून विकता येत नाही. आदिवासी बांधवांच्या जमिनीस तर महसूल कायद्याच्या कलम ३६-अ चे विशेष संरक्षण आहे. या खोऱ्यांत महादेव कोळी व कातकरी कुटुंबे पुष्कळ असल्याने ही गोष्ट कामगारांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळावयास हवी. इतर हक्कांत वन खात्याचा किंवा खासगी वनाचा शेरा आहे काय, हेही पाहावे. बहिणींचे हक्क २००५ च्या दुरुस्तीनंतर भावांइतकेच आहेत. त्यांना न विचारता केलेली विक्री हे पुढच्या वीस वर्षांच्या कोर्टकचेरीचे बी होय. आणि कायद्याचे बाजूस ठेवले तरी, माहेरची जमीन विकली जात असता लेकीला ते शेजारच्या गावातून कळावे, हे बरे दिसत नाही.

इसार घेऊन साठेखत करताना मुदत लिहून घ्यावी. कुलमुखत्यारपत्र मात्र अगदी अनोळखी माणसास कधीही देऊ नये. एकदा ते दिले की आपल्या नावाने दुसराच माणूस विक्री करू शकतो.

डोंगर कापून सपाटी करण्याचा प्रकारही अलीकडे वाढला आहे. यंत्राने एका दिवसात जो उतार कापला जातो तो धरून ठेवणारी झाडे व मुळे पुन्हा यावयास एक पिढी लागते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले जाऊन दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. ती दुर्घटना ज्यांनी पाहिली ते कापलेल्या उताराखाली घर बांधण्यास धजावणार नाहीत. आपण जमीन विकली तरी वरच्या प्लॉटवरील माती पावसात खालच्या आपल्याच वाडीवर येते, हे ग्रामपंचायतीने लक्षात घ्यावे व परवानगीवाचून चाललेले खोदकाम तहसीलदारांच्या नजरेस आणावे.

पाहुणा घरी, सातबारा आपल्या नावे

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग शहरच्या माणसास गावात येऊच द्यावयाचे नाही काय? तसे मुळीच नाही. येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना खरोखर जमीन हवी असते. बाकीच्यांना दोन दिवसांचा मोकळा वारा, निवांत झोप आणि चुलीवरची भाकरी हवी असते. हे सर्व विकता येते, आणि विकूनही ते आपल्याच घरी राहते.

महाराष्ट्रात याची सुरुवात होऊन आता दोन दशके झाली. २००५ साली बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे कृषी पर्यटनाचे पहिले केंद्र सुरू झाले. तेथे ना धरण, ना डोंगर. तरी शहरचे लोक येतात, बैलगाडीत बसतात, ऊस व भाजीपाला पाहतात, जेवतात व परत जातात. २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. त्यानुसार शेतकरी, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था व कृषी विज्ञान केंद्रे यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. ज्यास एवढा व्याप नको, त्याने घरातील एक-दोन खोल्या न्याहारी व निवास पद्धतीने द्याव्यात.

दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील भिलारचे. पाचगणी व महाबळेश्वर यांच्यामधील हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. सुरुवातीस पंचवीस ठिकाणी, म्हणजे गावकऱ्यांच्या घरांत, देवळात, शाळेत सुमारे पंधरा हजार मराठी पुस्तके मांडली गेली. वाचकाने कोणत्याही घरी जावे, बसावे, वाचावे. पुस्तकांचे भाडे कोणी घेत नाही. परंतु आलेला माणूस तेथे राहतो, जेवतो, स्ट्रॉबेरी घेऊन जातो. कोणासही यासाठी जमिनीचा तुकडा विकावा लागला नाही, ही त्यातील विशेष गोष्ट.

परदेशांतही हाच प्रश्न आहे. इंडोनेशियातील बाली बेटावर जगभरचे प्रवासी जातात. त्या देशाच्या १९६० च्या जमीन कायद्यात जमिनीच्या पूर्ण मालकीला 'हक मिलिक' म्हणतात. आपला 'हक्क' आणि आपला 'मालक' हे दोन्ही त्याच मूळच्या अरबी शब्दांचे भाईबंद होत. हा हक परदेशी माणसास मिळत नाही. बालीतील पेंगलिपुरन नावाच्या खेड्यात पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते, गावच्या मुख्य रस्त्यावर मोटार आणू देत नाहीत, आणि बांबूचे वन गावाने राखले आहे. पण बालीची दुसरीही बाजू पाहावी. मालकी मिळत नाही म्हणून बाहेरचे लोक पंचवीस-तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने भातखाचरे घेतात व त्यांवर बंगले बांधतात. भातशेतीला पाणी वाटून देणाऱ्या तेथील 'सुबक' या शेतकरी मंडळांच्या पद्धतीस २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि दुसरीकडे तीच खाचरे काँक्रीटखाली जात आहेत. भाडेपट्टा संपल्यावर जमीन परत मिळते हे खरे. भात परत मिळत नाही. आपल्याकडे शेतजमीन दीर्घ मुदतीने दुसऱ्यास कसावयास देताना कुळकायद्याची गुंतागुंतही आहेच. तेव्हा पट्ट्याचा मोह सल्ल्यावाचून धरू नये.

पावसाळा आणि लावणी

पानशेत-मुळशी भागात पाहुण्यांचा खरा हंगाम आषाढ-श्रावणाचा असतो. धबधबे तेव्हाच, हिरवळ तेव्हाच. आणि भाताची लावणीही तेव्हाच! ही अडचण कागदावरच्या योजनांत कोणी धरीत नाही. सावडीने चाललेली लावणी पाऊस पाहून होते; ती शनिवार-रविवार ओळखत नाही. घरातील बाया चिखलात असताना ओसरीवर दहा पाहुणे चहा मागत बसले तर दोन्ही कामे बिघडतात. आमचा अनुभव असा की, आरंभी आठवड्यातून एकच दिवस व एका वेळी दोनच कुटुंबे घ्यावीत, आणि लावणीच्या आठवड्यात पाहुण्यास तसे आधी कळवून खाचराच्या बांधावर न्यावे. ज्यास हौस असेल त्याने दोन ओळी रोपे लावाव्यात. शहरच्या मुलांना याचे फार अप्रूप वाटते. मात्र त्यांनी लावलेली ओळ संध्याकाळी पुन्हा सरळ करावी लागते, ती मजुरी हिशेबात धरावी.

हिशेबाविषयी थोडे अधिक लिहिणे जरूर आहे, कारण या धंद्यातील नफा बहुधा घरच्या स्त्रियांच्या न मोजलेल्या श्रमांतून आलेला असतो. पहाटे पाणी भरणे, भाकरी थापणे, अंथरुणे धुणे, हे काम त्या करतात आणि पैसे घरधन्याच्या खिशात जातात. एका वहीत खोलीचे भाडे, जेवण व मालाची विक्री हे तीन रकाने वेगळे करावेत. घरच्या प्रत्येक माणसाची मजुरी खर्चात लिहावी. आणि जेवणाचे काम महिला बचत गटाकडे देऊन त्याचे पैसे गटाच्या खात्यात जमा करावेत. मजुरी धरूनही वहीत शिल्लक दिसली तरच धंदा चालला असे म्हणावे.

मालाच्या विक्रीस या भागात फार वाव आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी तांदूळ पुण्याच्या घराघरांत शिजतो. आंबेमोहोराचे नाव तर जुन्या माणसांच्या तोंडी आजही आहे. पेठेतील ग्राहक दुकानातून घेताना हाच तांदूळ खरा की मिसळीचा, अशी शंका घेत असतो. ज्या खाचरात तो स्वतः उभा राहिला, त्या खाचराचा तांदूळ पाच किलोच्या स्वच्छ पिशवीत, गावाचे व पिकाच्या वर्षाचे नाव घालून दिला तर त्यास ही शंका राहत नाही, आणि दिवाळीनंतर तो पुन्हा मागणी करतो. नाचणीचे पीठ, कुळीथ, करवंदाचे लोणचे, पावसाळ्यातील कुर्डू-टाकळा-भारंगीसारख्या भाज्या यांचेही तसेच. रानभाज्या विकताना मुळासकट उपटू नयेत, आणि ज्याची पूर्ण ओळख नाही ते पान पाहुण्याच्या ताटात जाऊ देऊ नये. शिजविलेले अन्न विकणाऱ्याने अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून घ्यावी.

पाणी व सांडपाणी यांविषयी ढिलाई चालणार नाही. दहा पाहुणे म्हणजे दहा माणसांचे स्नान व शौच. उन्हाळ्यात वाडीच्या झऱ्यावर त्यांचा भार पडला तर शेजाऱ्यांशी वैर येईल. म्हणून पन्हळीचे पाणी साठविण्याची टाकी आधी व खोली नंतर बांधावी. शौचकूपाचा शोषखड्डा विहिरीपासून व ओढ्यापासून किमान पन्नास फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगास असावा. जलाशयाच्या काठावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बंगल्याचे व हॉटेलचे सांडपाणी शेवटी ज्या पाण्यात उतरते, तेच पाणी खडकवासल्यावरून नारायण पेठेच्या नळास जाते. पेठेतील पाहुणा डोंगरात येऊन जी घाण टाकतो, ती त्याच्याच पाण्यामागे त्याच्या घरी पोचते. हे त्यास सौम्य शब्दांत पण स्पष्टपणे सांगावे.

सुरक्षिततेची बाबही ग्रामपंचायतीने अंगावर घ्यावयास हवी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळून चार जण मृत्युमुखी पडले. दोन्ही प्रसंग पावसाळ्याच्या रविवारचे. जेथे गावकरी स्वतः पावसात उतरत नाहीत तेथे पाटी व दोर लावावा, आणि ज्या घरी पाहुणे उतरतात त्या घराने त्यांची नावे व ओळखपत्राची नोंद वहीत ठेवावी. मद्यपान करून पाण्याकडे जाणाऱ्यास अडविण्याचे काम एकट्या घरधन्याचे नसून गावाचे आहे.

कार्यकर्त्यांनी या खोऱ्यांत १५ ऑगस्टच्या ग्रामसभेचा विशेष उपयोग करून घ्यावा. तेव्हा लावणी बहुतेक आटोपलेली असते आणि पाहुण्यांची गर्दी ताजी असल्याने तिचे बरेवाईट सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. त्या सभेत गावातील झरे, पाणंद रस्ते व गुरांच्या वाटा यांची गटनंबरांसह यादी करून ती ठरावात नोंदवावी, पाहुण्यांसाठी घरे देऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांची नावे घ्यावीत, कचरा व वाहनतळ यांसाठी घ्यावयाची रक्कम ठरवावी, आणि मागील वर्षात गावातील किती क्षेत्राची खरेदी-विक्री झाली ते तलाठ्याने फेरफार नोंदवहीवरून मोठ्याने वाचून दाखवावे.